ऑप-ॲम्प निवडताना: घरच्या हेडफोन ॲम्प्लिफायरची गोष्ट

डबलबारीचा, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्यांचा, हंगाम सुरू झाला की माझं रेकॉर्डिंगचं काम वाढतं. मालवण तालुक्यातल्या मंडळांची भजनं मी हौसेनं रेकॉर्ड करतो आणि नंतर रात्री बसून साफ करतो. कुठे माईकला वारा लागलाय, कुठे पखवाज पेटीवर चढलाय, कुठे बुवांचा आवाज कोरसात बुडालाय, ते बघायचं. घरात माणसं झोपलेली असतात, म्हणून स्पीकर बंद. त्यासाठी बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो हा बंद कपांचा हेडफोन घेतला, २५० ओहमचा. लॅपटॉपला लावला तर आवाज पूर्ण वाढवूनही दबलेलाच. झांज मागे पडते, बुवांनी श्वास घेतलेला कळत नाही. लॅपटॉपच्या जॅकमधून तेवढा व्होल्टेजच येत नव्हता. मग ॲम्प्लिफायर घरीच करायचा ठरवला.

घरी करायचा म्हटलं की पहिलं नाव येतं सीमॉयचं. चू मॉय यांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मांडलेलं हे सर्किट जगभरच्या हौशी लोकांनी गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत बसवलंय. एक ड्युअल ऑप-ॲम्प (सिग्नल मोठा करणारे दोन ॲम्प्लिफायर एकाच चिपमध्ये), एक नऊ व्होल्टची बॅटरी, मूठभर रेझिस्टर आणि कंडेन्सर, की झालं. सर्किट इतकं छोटं असल्यामुळे सगळी चर्चा चिपवर येऊन थांबते. कोणी म्हणतो ओपीए २१३४ घाल, आवाज उबदार आहे. कोणी म्हणतो एलएम ४५६२ शिवाय पर्याय नाही. कोणी एनई ५५३२ ला जुनाट म्हणून हिणवतो. मला या विशेषणांतून काही हाती लागेना. उबदार म्हणजे नक्की किती मिलिव्होल्ट?

आमच्या बाजारपेठेत एक जुने रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे आहेत, सगळे त्यांना आबा म्हणतात. त्यांच्याकडे गेलो आणि विचारलं, कोणती आयसी घालू? आबांनी डोळ्यावरचा चष्मा वर केला आणि म्हणाले, ‘झिला, आयसीचा नाव मगे इचार. आधी तुझो हेडफोन कितक्या ओहमचो ता सांग.’

तिथून माझी खरी सुरुवात झाली. घरी येऊन वही काढली.

माझ्याकडे दोन हेडफोन. एक हा २५० ओहमचा, दुसरा ३२ ओहमचा साधा. दोघांनाही जोरकस ठेक्याच्या क्षणी २० मिलिवॅट मिळावेत असं धरलं. बहुतेक हेडफोनला एवढी ताकद भरपूर झाली, त्यापुढे कान सांभाळायला हवेत. २५० ओहमला २० मिलिवॅट द्यायचे तर सुमारे सव्वादोन व्होल्ट लागतात, लहरीच्या शिखराला ३.१६ व्होल्ट. करंट मात्र शिखरालाही १३ मिलिॲम्पियरच्या आतच राहतो. ३२ ओहमचं उलटं. तिथे ०.८ व्होल्टमध्ये काम भागतं, शिखराला १.१३ व्होल्ट, पण करंट शिखराला ३५ मिलिॲम्पियरवर जातो. एका हेडफोनला व्होल्टेजची भूक, दुसऱ्याला करंटची. दोन्ही एकाच डबीतून चालवायचे, तर चिप निवडताना दोन वेगळे प्रश्न विचारायला हवेत: ही किती व्होल्टपर्यंत हलू शकते, आणि किती मिलिॲम्पियर देऊ शकते.

पहिल्या प्रश्नानं बॅटरी बाद झाली. नऊ व्होल्टची बॅटरी मधोमध दुभागली की वर-खाली साडेचार व्होल्ट मिळतात, आणि थोडी वापरलेली असेल तर पावणेचारच. ५५३२ सारख्या चिपचं आउटपुट सप्लायच्या काठापर्यंत पोहोचत नाही, दोन्ही बाजूंना दीड-दोन व्होल्ट सोडून थांबतं. म्हणजे हातात उरले दोन-अडीच व्होल्ट, आणि २५० ओहमला शिखराला हवेत ३.१६. इथे कितीही महागाची चिप घातली तरी पखवाजाचा ‘धा’ वरून छाटलाच जाणार. लोक अशा वेळी चिप बदलतात आणि नव्या चिपला नावं ठेवतात. बदलायला हवा असतो सप्लाय.

म्हणून अधिक-उणे १२ व्होल्टचा सप्लाय करायचं ठरलं, ७८१२ आणि ७९१२ हे व्होल्टेज स्थिर ठेवणारे रेग्युलेटर वापरून. दोघांचे पाय एका क्रमाने नसतात: ७८१२ मध्ये इनपुट, ग्राउंड, आउटपुट आणि ७९१२ मध्ये ग्राउंड, इनपुट, आउटपुट. हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून टेबलासमोर चिकटवलं. ट्रान्सफॉर्मर मात्र कोकणाचा विचार करून घ्यावा लागतो. पुस्तकी हिशेबानं १२-०-१२ चा चालतो, कारण १२ व्होल्ट एसी म्हणजे शिखराला १७, डायोडचे ०.७ गेले की १६.३, आणि ७८१२ ला साधारण साडेचौदा पुरतात. पण पावसाळ्यात आमच्या वाडीतला व्होल्टेज १८० पर्यंत उतरतो. मग तोच ट्रान्सफॉर्मर शिखराला साडेबाराच्या जेमतेम वर देतो, रेग्युलेटर धरत नाही आणि हेडफोनमध्ये घूं-घूं सुरू होते. १५-०-१५ घेतला तर १८० व्होल्टलाही जवळजवळ १६ मिळतात. आणि लाईन २५० ला चढली तरी सव्वाबावीसच्या आसपास, रेग्युलेटरच्या ३५ व्होल्टच्या मर्यादेत. म्हणून मी १५-०-१५ च मागवला. शहरातला माणूस हा हिशेब करणार नाही, आपल्याकडे करायलाच हवा.

आता दुसरा प्रश्न, चिपचा.

डेटाशीट, म्हणजे कंपनीची माहितीपत्रकं, उतरवून घेतल्या आणि एकेक रकाना बघत गेलो. सगळ्यात जास्त वाद जिच्यावर ऐकला होता ती गोष्ट म्हणजे स्ल्यू रेट, आउटपुट किती झपाट्यानं हलू शकतं त्याचा आकडा. ओपीए २१३४ चा २० व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद, ५५३२ चा ९, टीएल ०७२ चा १३. आकडा जितका मोठा तितका आवाज चपळ, असं सांगतात. मला शिखराला ३.१६ व्होल्ट हवेत, तेही कान ऐकू शकतो त्या शेवटच्या टोकाला, २० किलोहर्ट्झला. गुणाकार केला, ०.४ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद आले. बस्स. १९६८ सालचा फेअरचाइल्डचा ७४१ सुद्धा अर्धा व्होल्ट देतो. म्हणजे हेडफोनसाठी हा आकडा ५५३२ मध्येच गरजेच्या वीसपटीहून जास्त आहे. पॉवर ॲम्प्लिफायरमध्ये, जिथे तीस-चाळीस व्होल्ट हलवायचे असतात, तिथे त्याला अर्थ आहे. माझ्या यादीतून मी तो रकाना खोडला.

नॉइजचा, म्हणजे चिपच्या स्वतःच्या सूं-सूंचा, रकाना मात्र खोडता आला नाही. आमच्याकडे रात्री पंखा बंद केला की घरात काही म्हणजे काही आवाज नसतो, समुद्राची गाज तेवढी लांबून. अशा शांततेत हेडफोनमधली सूं-सूं लगेच कळते. टीएल ०७२ चा नॉइज जुन्या डेटाशीटप्रमाणे १८ नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ, ५५३२ चा ५, एलएम ४५६२ चा २.७. सीमॉयच्या मूळ सर्किटात गेन, म्हणजे सिग्नल किती पट मोठा होतो तो आकडा, ११ आहे. ०७२ घालून ११ चा गेन ठेवला आणि १ मिलिवॅटला ११० डेसिबल देणारा नाजूक ३२ ओहमचा इयरफोन लावला, तर हिशेबानं सूं-सूं ३४ डेसिबलच्या आसपास येते. रात्री ती ऐकू येणारच. पण गेन ३ वर आणला की तीच चिप २३ च्या खाली जाते, आणि ५५३२ घातली तर ११. माझ्या २५० ओहमच्या हेडफोनला १ मिलिवॅटमध्ये ९६ डेसिबल मिळतात. त्यावर गेन ३ असताना ०७२ ची सूं-सूंसुद्धा शून्य डेसिबलला येते, म्हणजे ऐकायच्या पलीकडे. ०७२ च्या जागी ५५३२ घालून जेवढा फरक पडतो, जवळजवळ तेवढाच नुसता गेन कमी करूनही पडतो. माझ्या रेकॉर्डरमधून एक व्होल्टच्या आसपास सिग्नल येतो, मला सव्वादोन हवेत, गेन ३ भरपूर. दोन किलोओहम आणि एक किलोओहम असे दोन रेझिस्टर, एक अधिक दोन भागिले एक, तीन. ११ कशासाठी हवेत?

इथपर्यंत ५५३२ चं पारडं जड झालं होतं. सिग्नेटिक्सने सत्तरच्या दशकात आणलेल्या ५५३४ ची ही जुळी आवृत्ती. जगातल्या किती तरी स्टुडिओ मिक्सरमधून आपण ऐकतो ते संगीत या चिपमधून गेलेलं असतं. ६०० ओहमचा भार ओढायला ती बनवलेलीच आहे. पण ती सीमॉयच्या सर्किटात जशीच्या तशी घालून चालत नाही. त्याचं कारण मला फार महत्त्वाचं वाटतं, म्हणून जरा थांबून सांगतो.

५५३२ च्या इनपुटला बायपोलर ट्रान्झिस्टर आहेत. त्यांना चालण्यासाठी थोडा करंट आत ओढावा लागतो, साधारण २०० नॅनोॲम्पियर. आकडा नगण्य दिसतो. पण सीमॉयच्या इनपुटला ग्राउंडकडे १०० किलोओहमचा रेझिस्टर आहे. २०० नॅनोॲम्पियर त्यातून वाहिला की उणे २० मिलिव्होल्ट तयार होतात, आणि ११ च्या गेननं गुणले की उणे २२० मिलिव्होल्ट. हा डीसी व्होल्टेज सरळ हेडफोनच्या कॉइलवर बसतो. ३२ ओहमच्या हेडफोनमधून सतत सात मिलिॲम्पियर वाहू लागतात, पडदा एका बाजूला ओढलेला राहतो आणि चालू-बंद करताना ठाप्पकन आवाज येतो. ओपीए २१३४ च्या इनपुटला एफईटी, म्हणजे जवळजवळ करंट न ओढणारे ट्रान्झिस्टर आहेत, त्यांचा करंट पाच पिकोॲम्पियर. त्यात हा प्रश्नच उद्भवत नाही. सीमॉयमध्ये एफईटीवाल्या चिपची शिफारस का होते, याचं सगळं उत्तर या एका रेझिस्टरमध्ये आहे. उबदार-थंड आवाजाचा त्याच्याशी संबंध नाही.

आणि म्हणूनच ५५३२ हवी असेल तर सर्किट तिच्या सोयीचं करायचं. १०० किलोओहमच्या जागी १० किलोओहम, गेन ११ च्या जागी ३. मग तोच हिशेब सहा मिलिव्होल्टवर येतो. पुढे एक कंडेन्सर घातला की तेही अडतात.

इनपुटनं ओढलेल्या याच करंटचा (त्याला बायस करंट म्हणतात) एक फायदाही झाला. चिप खरी की खोटी, हे नुसत्या मल्टीमीटरनं ओळखायची युक्ती त्यातून मिळाली. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या आयसींमध्ये नकली माल बराच असतो. जुन्या चिपची पाठ घासून वर महागड्या चिपचं नाव छापतात. मी मागवलेल्या एका पाकिटातल्या ओपीए २१३४ मला पहिल्यापासून संशयास्पद वाटत होत्या, छपाई नखानं निघत होती. ब्रेडबोर्डवर चिप बसवली, आउटपुट उलट्या (उणे खुणेच्या) इनपुटला जोडलं, सुलट्या (अधिक खुणेच्या) इनपुटपासून ग्राउंडला १०० किलोओहम लावला आणि आउटपुटला मीटर धरला. खरी एफईटी चिप इथे फार तर एक-दोन मिलिव्होल्ट दाखवेल. या चिपनी उणे वीसच्या आसपास दाखवले. म्हणजे आत बायपोलर इनपुट, बाहेर २१३४ चं नाव. मग सप्लायच्या तारेत मीटर घालून करंट मोजला. ५५३२ साधारण ८ मिलिॲम्पियर घेते, टीएल ०७२ तीनच्या आत. करंट आठच्या घरात आला. आतला माल ५५३२ च्या जातीचा निघाला, भाव मात्र तिप्पट लावलेला. तेव्हापासून माझ्याकडे आलेली प्रत्येक ऑप-ॲम्प आधी या चाचणीतून जाते आणि मगच खणात जाते.

खात्रीचा माल हवा तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा अधिकृत वितरक. आपल्याकडे त्याची उत्तम सोय आहे. गणपतीला चाकरमानी गावी येतात, त्यांच्याकडे आधीच यादी पाठवायची. माझ्या चुलत भावानं कोकणकन्येनं येताना मिठाईच्या पिशवीतून ५५३२, ओपीए २१३४, एलएम ४५६२ आणि जेआरसीच्या ४५५६ आणल्या. यादीवर ५५३२ आहे की ५५३४ हे स्पष्ट लिहायला हवं. दुकानदार एकाच्या जागी दुसरी देतात, आणि या दोन वेगळ्या वस्तू आहेत. ५५३४ मध्ये एकच ॲम्प्लिफायर असतो, तिचा अधिक सप्लाय सातव्या पायावर, तर ५५३२ मध्ये दोन आणि सप्लाय आठव्या पायावर. शिवाय ५५३४ गेन तीनच्या खाली बाहेरून कंडेन्सर लावल्याशिवाय स्थिर राहत नाही.

आबांनी मात्र स्वतःच्या खणातून मूठभर ४५५८ काढून दिल्या. आपल्याकडच्या प्रत्येक ऑर्केस्ट्राच्या इको बोर्डात, प्रत्येक लोकल ॲम्प्लिफायरच्या टोन कंट्रोलमध्ये ती असते. ‘ही पण लावून बघ,’ म्हणाले. एलएम ३५८ माझ्याकडे होतीच. अशी सगळी वरात जमली.

झिरो पीसीबीवर, म्हणजे नुसत्या भोकांच्या कोऱ्या पाटीवर, दोन सारखे बोर्ड केले. दोन्हीत रेझिस्टर एकाच पट्टीवरचे, एक टक्क्याचे. मध्ये एक स्विच, म्हणजे गाणं चालू असताना क्षणात या चिपवरून त्या चिपवर जाता येईल. चिप काढून दुसरी बसवेपर्यंत एक-दीड मिनिट गेलं की कान आधीचं विसरतात, त्यामुळे स्विच हवाच. गेन रेझिस्टर ठरवतात, तरी दोन्ही बाजूंची पातळी ४०० हर्ट्झचा सूर लावून मीटरवर जुळवून घेतली. जो आवाज जरासा मोठा असतो तो आपल्याला चांगला वाटतो, ही कानाची जुनी खोड आहे.

एलएम ४५६२ बसवली तेव्हा बोट ठेवून पाहिलं तर चिप चांगलीच तापली होती. आवाज येत होता, पण वरच्या पट्टीत काहीतरी खरखरीत. मीटरवर सप्लायचा करंट डेटाशीटमधल्या दहाच्या खूप वर. ५५ मेगाहर्ट्झ बँडविड्थची, म्हणजे तेवढ्या वेगाच्या लहरींपर्यंत हलणारी चिप आहे ती, लांब तारा आणि ब्रेडबोर्ड तिला मानवत नाहीत. कानाला ऐकू न येणाऱ्या फ्रिक्वेन्सीवर ती स्वतःच वाजत बसते. सप्लायच्या आठव्या आणि चौथ्या पायाला अगदी चिकटून १०० नॅनोफॅरडचा कंडेन्सर लावला, आउटपुटला १० ओहम दिला, तारा आखूड केल्या. करंट खाली आला, चिप गार झाली. ५५३२ ची बँडविड्थ १० मेगाहर्ट्झ. त्याच बोर्डावर तिनं असा त्रास एकदाही दिला नाही. घरी ऑसिलोस्कोप नसलेल्या माणसासाठी हा मुद्दा मी डेटाशीटमधल्या डिस्टॉर्शनच्या (सिग्नल किती बिघडतो त्याच्या) शून्यांपेक्षा वर ठेवतो. ज्या चिपचं वागणं आपल्याला तपासता येत नाही, तिच्या ०.००००३ टक्क्यांचं करायचं काय?

ऐकायला पुतण्याला बसवलं. तो पखवाज वाजवतो, आणि शाईच्या आवाजातला बारीकसा फरक त्याला माझ्याआधी कळतो. आंगणेवाडीच्या जत्रेच्या दिवसांत केलेलं एक रेकॉर्डिंग लावलं. त्यात गजराच्या शेवटी बुवा पेटीवरचा सूर धरून ठेवतात आणि तो हळूहळू विरतो. स्विच कुठल्या बाजूला आहे ते त्याला दिसत नव्हतं, आणि कोणत्या चिप बसवल्यात हेही मी सांगितलं नव्हतं.

एलएम ३५८ त्यानं लगेच पकडली. विरत जाणाऱ्या सुरावर बारीक करकर येत होती. ‘काका, ह्या सुरात वाळू आहे,’ म्हणाला. ३५८ चं आउटपुट वरच्या ट्रान्झिस्टरकडून खालच्याकडे जाताना मध्ये क्षणभर कुणाच्याच हातात नसतं, त्याची ही करकर. मोठ्या आवाजात ती झाकली जाते, सूर लहान झाला की उघडी पडते. एलईडी आणि सेन्सरसाठी ही चिप उत्तम आहे, ध्वनीसाठी तिच्या वाट्याला जाऊ नये.

टीएल ०७२ चा दोष हेडफोनवर अवलंबून निघाला. २५० ओहमवर त्याला काही वेगळं जाणवलं नाही. ३२ ओहमचा लावला आणि आवाज वाढवला, तेव्हा पखवाजाची थाप बसकी झाली, ‘धुम’ चा ‘धप्प’. तिच्या डेटाशीटमध्ये भार दोन किलोओहमचा धरलाय. ३२ ओहमला लागणारा ३५ मिलिॲम्पियर ती देणार कुठून? वहीतला पहिल्या पानावरचा हिशेब कानाला असा ऐकू आला, याचा मला मनापासून आनंद झाला.

आणि मग ५५३२, ओपीए २१३४, एलएम ४५६२. २५० ओहमच्या हेडफोनवर या तिघींत त्याला फरक सांगता आला नाही. मलाही नाही. अंदाज घेतले, पुन्हा ऐकलं, झांजेच्या किणकिणीवर लक्ष ठेवलं, बुवांच्या श्वासावर ठेवलं. काही नाही. साध्या आवाजात आबांची ४५५८ सुद्धा त्यांच्या रांगेत बसत होती. ज्या चिपना योग्य सप्लाय मिळालाय, ज्यांच्यावर झेपेल एवढाच भार आहे आणि ज्या स्वतःहून वाजत नाहीत, त्यांच्यातला फरक माणसाच्या कानाच्या खूप खाली असतो. निदान माझ्या आणि या पोराच्या कानांपुरतं मी हे खात्रीनं सांगतो.

मग निवड करंटवर आली. ५५३२ चा शॉर्ट सर्किट करंट साधारण ३८ मिलिॲम्पियर, म्हणजे ३२ ओहमचा ३५ तिला अगदी काठावर. ओपीए २१३४ ची तीच गत, ४०. जेआरसी, म्हणजे पूर्वीच्या न्यू जपान रेडिओ कंपनीची एनजेएम ४५५६ ए मात्र ७० मिलिॲम्पियर देते. दिसायला साधी, आठ पायांची, किमतीला स्वस्त. २०११ साली आलेल्या ओटू या गाजलेल्या हेडफोन ॲम्प्लिफायरमध्ये हीच चिप शेवटच्या पायरीला आहे, प्रत्येक चॅनेलला दोन भाग समांतर, प्रत्येकाच्या आउटपुटला एक-एक ओहम. तीच रीत मी उचलली. पुढे गेनसाठी ५५३२, मग २.२ मायक्रोफॅरडचा पॉलिएस्टर कंडेन्सर, १० किलोओहमचा व्हॉल्यूम कंट्रोल (पॉट), आणि शेवटी गेन १ वर ४५५६. कंडेन्सर आणि पॉट मिळून सुमारे सात हर्ट्झच्या खालचंच कापतात, म्हणजे पखवाजाच्या धुमला धक्का नाही. दोन एक-एक ओहम समांतर, म्हणजे आउटपुटचा रोध अर्धा ओहम. हेडफोनच्या आठव्या हिश्शाच्या आत तो असावा असा संकेत आहे. ३२ ला चार ओहम चालतात, आपण अर्ध्या ओहमवर आहोत. आउटपुटला मीटर लावला तर डीसी तीन-चार मिलिव्होल्टच्या वर जात नाही.

इनपुटला एक किलोओहम आणि २२० पिकोफॅरडची जोडीही घातली. टेबलावर मोबाइल ठेवला की येणारी टर्र-टर्र त्यानं गेली. बायपोलर इनपुट रेडिओ लहरी एफईटीपेक्षा जास्त पकडतात, त्यामुळे ५५३२ वाल्यांनी ही जोडी टाळू नये.

खाऱ्या हवेबद्दल सांगायलाच हवं. चिप बदलता यावी म्हणून सॉकेट लावतात, आणि आमच्याकडे सॉकेटच पहिला दगा देतो. पत्र्याच्या पातळ पट्ट्यांचे स्वस्त सॉकेट एका पावसाळ्यात हिरवट कळंक धरतात, मग एक चॅनेल येतो-जातो आणि माणूस चिपवर संशय घेतो. गोल पिनांचे सॉकेट जरा महाग, पण त्यांची पकड घट्ट. चाचण्या संपल्यावर मी तर तेही काढले आणि चिप थेट सोल्डर केल्या, फ्लक्स स्पिरिटनं धुऊन काढला आणि बोर्डावर पीसीबी लॅकरचा हात दिला. पॉट बंद बॉडीचा घेतला. डबीला खाली भोकं पाडली नाहीत, पावसातला दमटपणा तिथूनच चढतो. ४५५६ कोमट होते, त्याला भोकांची गरज नाही.

आबांना नेऊन ऐकवला. त्यांनी बराच वेळ हेडफोन काढला नाही. मग डबी उलटी करून विचारलं, ‘खयची घातलंस?’ मी सांगितलं. ५५३२ ऐकून मान हलवली, ४५५६ त्यांना नवीन होती. आकडा त्यांनी वहीत लिहून घेतला.

कोणाला करायचा असेल आणि हेडफोन फक्त ३२ ओहमचे असतील, तर एवढा पसारा लागणार नाही. दोन नऊ व्होल्टच्या बॅटऱ्या, अधिक-उणे नऊ, एक ४५५६, गेन दोन-तीन, इनपुटला १० किलोओहम. ५५३२ नसली तरी चालेल. २५० किंवा ३०० ओहमचे असतील तर मात्र आधी सप्लायवर खर्च करा. एकटी ५५३२ ते ओढेल, ४५५६ ची वाट बघू नका. दोन्ही असतील तर माझं सर्किट घ्या, आणि चिप आल्या की सोल्डरिंग गन तापवायच्या आधी १०० किलोओहमचा रेझिस्टर आणि मल्टीमीटर काढा.